न बोलणाऱ्या मुलाची भाषा कोणती?

इंदूरहून एका भगिनीचे दीर्घ पत्र आम्हांस आले आहे. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा असून अद्याप एकही शब्द बोलत नाही. श्रवणाची तपासणी झाली आहे, कान निर्दोष आहेत. तज्ज्ञांनी स्वमग्नतेचे निदान केले आहे. घरी सासूबाई आहेत, त्यांना मराठीखेरीज दुसरी भाषा धड येत नाही. शेजारीपाजारी हिंदी, आणि शाळेत इंग्रजी. ‘मुलाच्या डोक्यात तीन भाषांचा गोंधळ होतो आहे, घरातली मराठी बंद करा,’ असा सल्ला त्यांना एके ठिकाणी मिळाला. तेव्हापासून आजीने नातवाशी बोलणेच सोडले आहे. भगिनी लिहितात, ‘मुलगा तर बोलत नाहीच, आता त्याची आजीही त्याच्यापुरती मुकी झाली. आम्ही करावे तरी काय?’ त्यांचा दुसरा प्रश्न असा की, अशा मुलाच्या हाती चित्रे दिली तर तो आळशी होऊन कायमचा बोलायचा राहील काय? आणि तिसरा, सकाळपासून रात्रीपर्यंत घरी त्याला शिकवावे तरी काय?

उत्तर खाजगी पत्राने देता आले असते. परंतु हे प्रश्न एका घरचे नाहीत. वडोदऱ्यात आमच्या स्वतःच्या घरीही नऊ वर्षांची नात आहे. तीही स्वमग्न आहे आणि तीही बोलत नाही. म्हणून जे लिहितो आहोत, ते काही वाचलेले आणि काही रोज पाहिलेले असे आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. बोलणे, भाषा आणि संवाद या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बोलणे हे जीभ, ओठ, कंठ आणि श्वास यांचे काम. भाषा हा मनातला अर्थाचा साठा. संवाद म्हणजे आपल्या मनातले दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे आणि त्याचे आपण घेणे. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलाला पुष्कळदा सारे समजत असते, पण स्नायू हुकूम मानीत नाहीत. कर्णबधिर मुलापर्यंत बोलणे पोहोचतच नाही. स्वमग्न मुलाच्या बाबतीत देवाणघेवाणीची रीतच निराळी असते. आपल्या जुन्या भाषेत या सर्वांना ‘मुका’ हा एकच शब्द होता, आणि मुका म्हणजे अजाण असा अर्थही त्याला नकळत चिकटला होता. स्वमग्न मुलांपैकी सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश मुले शाळेच्या वयापर्यंत बोलत नाहीत किंवा मोजकेच शब्द बोलतात. त्यांतील काही पुढे बोलू लागतात, म्हणून पाचव्या वर्षी आशा सोडण्याचे कारण नाही. पण ‘आमचाही उशिराच बोलला होता’ या नातलगांच्या दिलाशावर हात जोडून बसण्याचेही कारण नाही. बोलणे येईल तेव्हा येईल. संवाद आजपासून हवा.

याबाबत एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. इ. स. १८०० मध्ये फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतातील रानात भटकणारा सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा माणसांच्या हाती लागला. तो बोलत नव्हता. पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयात इतार नावाच्या तरुण डॉक्टरांनी त्याला शिकविण्याचे व्रत घेतले आणि त्याचे नाव व्हिक्टर ठेवले. मुलाला दुधाची फार आवड. ‘दूध’ हा शब्द त्याने तोंडाने उच्चारून मागावा म्हणून इतारांनी जंग जंग पछाडले. शब्द एकदाचा उमटला, पण दूध मिळाल्यावर, आनंदाचा उद्गार म्हणून. मागण्यासाठी तो आला नाही, आणि गुरुजी निराश झाले. हाच मुलगा कंटाळा आणणाऱ्या पाहुण्यांना त्यांची टोपी, हातमोजे आणि काठी आणून देई आणि हळूच दाराकडे ढकली. याहून स्पष्ट बोलणे ते कोणते? पुढे इतारांनी त्याला सुटी अक्षरे मांडून ‘दूध’ हा फ्रेंच शब्द जुळवायला शिकविले. काही दिवसांनी ज्या घरी त्याला रोज दूध मिळे तेथे जायला निघताना त्याने कोणी न सांगता ती चार अक्षरे खिशात घातली आणि तेथे पोहोचताच मांडून दाखविली. १८०१ च्या आपल्या निवेदनात इतारांनीच हे लिहून ठेवले आहे. ज्याला तोंडाने मागता येत नव्हते, त्याने मागण्याचे साधन हाती येताच ते आपण होऊन बरोबर घेतले.

या मुलाचे ऋण आपल्याही घरापर्यंत पोहोचले आहे. इतारांचे शिष्य सेगँ. त्या दोघांच्या ग्रंथांतून मारिया माँटेसरींनी आपली पद्धती उभारली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, आणि तेथे त्यांच्या जोडीला आपल्या ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाईंनी खडे, बिया, पाने अशा आसपासच्या वस्तूंतून खेड्यातल्या आणि पाड्यांवरच्या मुलांना शिकविले. हाताने, डोळ्यांनी आणि घरच्या वस्तूंनी शिकण्याची जी रीत आपण बालवाडीत सर्व मुलांना लावतो, तिचे एक मूळ न बोलणाऱ्या मुलाच्या शिक्षणात आहे. तेव्हा भगिनींनी आपल्या मुलासाठी काही परकी, भलतीच गोष्ट करावयाची आहे, असे मानू नये.

आता चित्रांविषयी. १९८५ मध्ये अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट या दोघांनी चित्र देऊन वस्तू घेण्याची पद्धती बसविली. तिचे मर्म एवढेच की, मुलाने चित्राकडे नुसते पाहायचे नाही, ते उचलून दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचे. म्हणजे संवादाला दोन माणसे लागतात, हा पहिला धडा आपोआप मिळतो. आमच्या नातीची सुरुवात शेवेने झाली. शेव-उसळीच्या या गावात मुलीला उसळ नको, पण शेव प्राणाहून प्रिय! समोर एकाने मुठीत शेव धरून बसायचे. मागे दुसऱ्याने बसून, अवाक्षर न काढता, तिचा हात चित्राकडे आणि चित्र समोरच्याच्या तळहातावर न्यायचे. चित्र हाती येताच समोरच्याने ‘शेव!’ म्हणून शेव द्यायची. मागच्याची मदत दिवसेंदिवस कमी होत गेली पाहिजे. तो खरा कसब लागणारा भाग. पुढे चित्र दूरच्या भिंतीवर गेले, पुढे दोन चित्रांतून एक निवडणे आले, आणि मग एका पट्टीवर ‘मला’, ‘हवी’, ‘शेव’ अशी ओळ लावणे आले. चित्रे बाजारातून आणण्याची गरज नाही. घरच्याच ताटाचा, घरच्याच झोपाळ्याचा, कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीचा फोटो काढून त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढविले की काम भागते.

यामुळे मूल आळशी होते काय? तशी भीती सर्वच घरांत असते, आमच्याही घरी वडीलधाऱ्यांनी ती बोलून दाखविली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात अशा साधनांच्या वापरावरील तोवरच्या अभ्यासांतून काटेकोर पुरावा असलेल्या २७ व्यक्तींच्या नोंदी तपासल्या गेल्या. साधन दिल्यामुळे एकाचेही बोलणे घटले नाही. बहुतेकांचे थोडेफार वाढले, उरलेल्यांचे होते तेवढेच राहिले. कारण उघड आहे. ज्याला मागितल्यावर मिळते, त्याला मागण्याची गोडी लागते. ‘आधी बोल, मग देईन’ असे म्हणून ताट रोखून धरणे मात्र टाळावे. लंगड्या माणसाला ‘आधी धाव, मग काठी देतो’ असे आपण म्हणत नाही.

मोठ्यांनी येथे दोन पथ्ये पाळावी. एक, आपणही बोलताना चित्रांवर बोट ठेवावे. मूल बोलायला शिकते ते आधी वर्षभर ऐकून. मग चित्रांची भाषा कोणी बोललेली न पाहता ते ती कशी शिकणार? दुसरे, वाट पाहावी. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजावे आणि तोवर पुन्हा विचारू नये. घाईच्या घरात हे दहा अंक फार लांब वाटतात. पण मुलाचे उत्तर बहुधा सातव्या-आठव्या अंकावरच येते, असा आमचा अनुभव आहे.

मागण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे शब्द म्हणजे ‘नको’, ‘पुरे’, ‘थांबा’ आणि ‘दुखते’. ज्या मुलाला ‘नको’ म्हणता येत नाही, ते ताट उडवून देते, चावते, डोके आपटते. आणि आपण म्हणतो, मूल हट्टी आहे. असे प्रसंग आम्ही एका वहीत टिपून ठेवीत असू: आधी काय घडले, मुलीने काय केले, नंतर तिला काय मिळाले. पंधरा दिवसांच्या नोंदींवरून कळले की, तिचे हात चावणे बहुतेक वेळा कुकरच्या शिट्टीच्या सुमारास होते. तेव्हापासून कुकर चढविताना तिला त्याचे चित्र दाखविले जाते, आणि ती आपण होऊन मागच्या अंगणात झोपाळ्यावर जाऊन बसते. ‘नको’चे चित्र दिल्यावर पहिले कित्येक दिवस तिने ते प्रत्येक गोष्टीला दाखविले. वरण नको, आंघोळ नको, आजोबा नकोत! आम्ही शक्य तेथे तिचे मानले, कारण न मानलेला शब्द कोण पुन्हा वापरील? आंघोळीसारख्या न टळणाऱ्या गोष्टीत ‘नको, कळले, पण आधी आंघोळ, मग झोपाळा’ असे दोन चित्रे लावून दाखविले.

‘दुखते’ या शब्दाचे मोल आम्हांस गेल्या हिवाळ्यात कळले. मुलगी दोन दिवस जेवेना, रात्री रडे, गालावर थापटा मारी. देहाचे रेखाचित्र आणि ‘दुखते’चे चित्र तिच्यापुढे ठेवले होतेच, तिसऱ्या सकाळी तिने दुखण्याचे चित्र उचलून रेखाचित्रातील तोंडावर ठेवले आणि मग आपल्या उजव्या जबड्यावर दाबून धरले. दंतवैद्यांना मागच्या दाढेत गळू सापडले. बोलणारे मूल जे एका वाक्यात सांगते, ते सांगायला तिला साडेतीन वर्षांची शिकवण लागली, पण तिने ते सांगितले. अशा मुलांचे दुखणे, त्यांचा कोणी केलेला छळ, त्यांची भीती, सारे या एका सोयीवाचून आतल्या आत राहते. म्हणून अवयवांची नावे, त्यांत गुप्तांगांचीही, संकोच न करता चित्रांत असू द्यावी.

तिसरा प्रश्न दिवसभर काय शिकवावे हा. याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. पाच माणसे जेवणार असतील तर पाच ताटे मांडणे हा अंकगणिताचा पहिला धडा; काका गावाला गेले असतील तर चारच ताटे, ही वजाबाकी. चमचे आणि डाव वेगळे लावणे, हे वर्गीकरण. मटार किंवा तुरीच्या शेंगा सोलणे, ही बोटांची कसरत. कणीक मळताना हाताला जो दाब मिळतो, त्याने आमच्या नातीचे अस्वस्थ हात शांत होतात. कणकेचा गोळा तिच्यासाठी वेगळाच काढून ठेवावा लागतो. दात घासणे, कपडे घालणे यांचे टप्पे पाच-सहा चित्रांत न्हाणीघराच्या भिंतीवर क्रमाने लावावे. सकाळी दिवसाचा क्रमही असाच चित्रांनी दाखवावा आणि झालेले काम मुलाकडूनच काढून डब्यात टाकवावे. क्रम बदलणार असेल, पाहुणे येणार असतील, तर ते आधी दाखवावे. नवरात्रातील ढोल आणि दिवाळीतील फटाके यांची कल्पना आम्ही आठवडाभर आधी देतो. हे सर्व काम एकट्या आईच्या गळ्यात पडू नये. आमच्या घरी वहीत वार वाटून दिले आहेत, आणि रविवारी सुनेला सुटी असते.

आता शेवटचा, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर प्रश्न: मराठी बंद करावी काय? सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण त्या सल्ल्याला अभ्यासाचा आधार नाही. २००५ मध्ये कॅनडात इंग्रजीबरोबर दुसरी भाषा ऐकत वाढणाऱ्या डाऊन सिंड्रोमच्या मुलांचा अभ्यास झाला. केवळ इंग्रजी ऐकणाऱ्या तशाच मुलांच्या मानाने त्यांची इंग्रजी मागे पडलेली नव्हती, आणि दुसरी भाषा हाती आली ती वेगळीच. स्वमग्न मुलांविषयीचे नंतरचे अभ्यासही याच बाजूचे आहेत: दोन भाषांमुळे त्यांचे भाषिक नुकसान होत असल्याचे दिसून आलेले नाही. तोट्याचा पुरावा नाही, आणि मराठी बंद केल्याचा तोटा तर डोळ्यांसमोर आहे. आजीला मोडक्यातोडक्या परभाषेत लाड करता येत नाहीत. ती गोष्ट सांगेनाशी होते, आरती म्हणताना नातवाला जवळ घेईनाशी होते. ज्या मुलाभोवती जास्तीत जास्त भाषा हवी, त्याच्याभोवती घरातली सर्वांत प्रेमळ भाषा बंद पडते. न बोलणारे मूल ऐकत असते, हे विसरून चालणार नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या घरांत तीन-चार पिढ्यांमागे आलेली मराठी आता बहुतांशी देवघर आणि स्वयंपाकघर एवढ्यातच उरली आहे. बोलणारी मुले तरी ती इकडून तिकडून उचलतात. न बोलणाऱ्या मुलाला मात्र आपण जी देऊ तीच भाषा मिळते. त्याच्या पट्टीवर ‘आंटी’ हे एकच चित्र ठेवले, तर आत्या, मावशी, काकू आणि मामी या चारही जणी त्याच्यापुरत्या एक झाल्या. आमच्या नातीच्या वहीत चौघींचे चार फोटो आहेत, आणि आत्या गावाहून येणार असली की ती तिचाच फोटो आणून देते. शाळेसाठी उपाय सोपा आहे. चित्र तेच, खाली नावे दोन: वर मराठी, खाली गुजराती. बाईंनी गुजरातीत बोलावे, आजीने मराठीत. मूल दोन्ही जाणते, हे दोघींना एकाच चित्रावरून कळते. मोबाइलवर वा टॅबलेटवर चित्र दाबताच बोलणारी साधनेही आता आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेले ‘जेलो’ आणि चेन्नईचे ‘आवाज’ ही दोन्ही भारतीय भाषांत वापरता येतात, आणि त्यांत मराठीही आहे. यंत्र घेतले तरी कागदी चित्रे टाकू नयेत. वीज गेली किंवा यंत्र बिघडले म्हणून मुलाने गप्प बसावे, हे बरे नव्हे.

एक सावधगिरीची सूचना. मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरे टाईप करवून घेण्याची एक पद्धती प्रसिद्धीस आली होती. चाचण्यांत वारंवार असे आढळले की, लिहिलेले शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात, धरणाऱ्याला ते ठाऊक नसले तरी. मुलाचे बोलणे त्याचेच असावे, आपण त्याच्या तोंडी घातलेले नसावे. अमुक औषधाने किंवा अमुक आहाराने मूल हमखास बोलू लागेल असे सांगणाऱ्यांपासूनही दूर राहावे.

कायद्याचे पाठबळही जाणून घ्यावे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा नामनिर्देश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार असून त्यांत ती आहे, आणि ‘संप्रेषण’ या शब्दाच्या व्याख्येत बोलण्याला पूरक व पर्यायी अशा पद्धतींचाही समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. तेव्हा प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र काढण्यास लाजू नये. मूल १८ वर्षांचे झाल्यावर पालकत्वाची व्यवस्था १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली करता येते. त्याची माहिती आतापासून काढून ठेवावी.

नातलगांनाही एक विनंती. लग्नकार्यात अशा मुलाच्या डोक्यावरून त्याच्या आईला ‘हा अजून बोलत नाही का हो?’ असे विचारू नये. त्याच्या उंचीला वाकून त्याच्याशीच बोलावे, थोडे थांबावे, आणि त्याने हातात चित्र ठेवले तर ते भेट म्हणून खिशात न घालता वाचावे!

इंदूरच्या भगिनींना आमचे सांगणे इतकेच की, आरंभ दोन चित्रांनी करा: एक त्याच्या सर्वांत आवडत्या पदार्थाचे, दुसरे ‘नको’चे. आणि पहिल्या दिवशी समोर खाऊ घेऊन बसण्याचे काम सासूबाईंकडे द्या. त्यांना मराठीतच बोलू द्या. महिन्याभराने काय घडले ते आम्हांस अवश्य कळवा. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्या अन्य वाचकांनीही आपल्या युक्त्या लिहून पाठवाव्या. पुढील अंकांत त्यांना आम्ही आनंदाने जागा देऊ.